जुनी डिस्क अकोल्याला गेली

बेबीताई होलेंना फसवणं सोपं नाही, हे अमरावती आणि अकोला मिळून अकराशे घरांना माहीत आहे. तेवढी घरं त्यांनी स्वतः पायी हिंडून पाहिली आहेत. एकतीस वर्षं अंगणवाडीत पोरांची वजनं केली, खिचडी शिजवली, आणि ते काम सोडल्यावर, लोक तीर्थाला निघतात तशा ह्या बाई लग्नं जमवायला निघाल्या. तेही फुकट! समाजाचं मंडळ होतंच, पण मंडळ म्हणजे वर्षातून एकदा हॉल, हारतुरे आणि भाषणं. त्यातून कोणाचं लग्न जमल्याचं ऐकिवात नव्हतं. बेबीताईंनी सहा वर्षांत एकशे चौदा जमवली, त्यातली एकशे बारा टिकून आहेत. उरलेल्या दोनांबद्दल विचाराल तर त्या तुम्हाला तासभर बसवतील आणि चूक कोणाची होती ते सांगतील. त्यांची नव्हती, एवढं मी आधीच सांगून ठेवतो.

त्यांची पद्धत अशी. स्थळ आलं की त्या त्या घरी जाणार, पण न कळवता, आणि त्या वस्तीत नळ येतो त्याच वेळेला. "पाव्हणे येनार म्हून पुसलेलं घर मले नोका दाखवू," त्या म्हणतात. "नळ आल्यावरचं घर पाहू द्या." आमच्याकडे नळ रोज येत नाही, आणि येतो तेव्हा घराघरांत धांदल उडते. ड्रम कोण भरतो, खुर्चीवर बसून हुकूम कोण सोडतो, सुनेच्या हातातली बादली कोण घेतो आणि कोण नुसती बघत राहतो, हे दारात दहा मिनिटं उभं राहिलं की कळतं. बेबीताई दारात उभ्या राहत, एक ग्लास पाणी पीत, आणि घरी येऊन सगळं लॅपटॉपमध्ये लिहीत.

लॅपटॉप म्हणजे काय, वहीपेक्षा जरासा मोठा, अकरा इंची, भाच्यानं कॉलेज संपल्यावर देऊन टाकलेला. बेबीताई वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यावर एका बोटानं टाइप करायला शिकल्या आणि आजही एकाच बोटानं करतात, पण ते बोट काय चालतं! त्यात एक मोठा तक्ता होता. नाव, शिक्षण, नोकरी, शेती, अपेक्षा, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: शेरा. पहिले पाच रकाने त्या कोणालाही दाखवत. सहावा आजवर कोणी पाहिलेला नव्हता. नवऱ्यानंही नाही. जानराव बिचारे झेंडू आणि शेवंती लावणारे, पहाटे उठून फुलं तोडणारे, त्यांना शेऱ्याशी काय देणंघेणं?

शेऱ्यात बेबीताई हातचं काही राखत नसत. 'सासू गोड बोलते, चहा मात्र अर्धा कप देते.' 'पोरगा दुकानात बसतो म्हनतात. बसतोच, दुसरं काही करत नाई.' 'पोट्टी हुशार, बाप तिले घाबरते.' असं सगळं. आणि काही शेरे असे, की ते वाचले असते तर कोणाची तरी झोप उडाली असती.

आचलचा शेरा तसा होता. आचल नांदगाव खंडेश्वरची, अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला. स्थळाचा कागद द्यायला आली तेव्हा बेबीताईंच्या ओट्याजवळ बसून, शेंगा सोलता सोलता, तिनं आपणहून सांगितलं होतं की तिला नववीपासून फिट्स येत होत्या. गोळ्या चालू आहेत, सात वर्षांत एकही आलेली नाही, पण लपवून लग्न करायचं नाही. "मी सांगू का तुमी सांगता, मावशी?" असं तिनं विचारलं होतं. बेबीताईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "तू गप राय. कोनाच्या कानी नाई जानार, आन् ज्याले सांगाचं त्याले मी बराबर वेळ पाहून सांगतो."

मग अकोल्याचं स्थळ आलं. शिवम, बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर, घरी चार एकर वावर. त्याची आई माणिकबाई आचलला पाहून अशी खूश झाली, की बेबीताईंना बराबर वेळ काही सापडेना. आज सांगू, उद्या सांगू करता करता तीन महिने गेले आणि येत्या रविवारचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं.

आणि नेमका त्याच आठवड्यात लॅपटॉपनं मान टाकली.

तसा तो वर्षभर कण्हतच होता. सुरू केला की जानरावांची आंघोळ होऊन दोन हार गुंफून व्हायचे, तेव्हा कुठे तक्ता उघडायचा. फोनवरच्या माणसाला बेबीताई म्हणायच्या, "थांबा, उघडून राह्यलं," आणि तो माणूस फोन ठेवून जेवून यायचा. सोमवारी तर अर्धा तास नुसतं गोल गोल फिरत राहिलं. "फेकून दे तो डबा," जानराव म्हणाले. बेबीताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली, की त्यांनी मुकाट्यानं फुलांची टोपली उचलली.

बेबीताईंनी लॅपटॉप जुन्या ओढणीत गुंडाळला आणि थेट कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या सुगतचं दुकान गाठलं. सुगत तिशीचा, मोजकं बोलणारा, हातात कायम बारीक पेचकस. त्यानं मशीन उलटं केलं आणि खालचे स्क्रू पाहून त्याचे डोळेच विस्फारले.

"मावशी, ह्याले गंज कसा लागला? पान्यात पडलं होतं का?"

"पान्यात कायले पडन? उन्हाळ्यात तापते म्हून कुलरच्या समोर ठेवत होतो."

"कुलरच्या समोर?"

"मंग? आपल्याले गरम होते, त्याले होत नसन का?"

सुगतनं कपाळाला हात लावला. कुलरची ओली हवा चार उन्हाळे त्या मशीनच्या पोटात गेली होती. दहातले दोन स्क्रू तेल सोडून, थांबून, पुन्हा फिरवून काढावे लागले. आत पंख्यात झेंडूचा पिवळा भुगा भरलेला, तो त्यानं ब्रशनं झटकला. मग त्यानं रोग सांगितला. मशीन चांगलं आहे, मेंदू ठीक आहे, फक्त ज्याच्यावर सगळं साठवलेलं असतं ती डिस्क थकली. आत चकती फिरते, सुई तिच्यावर शोधत बसते. आता नवीन मिळते तिच्यात फिरणारं काहीच नसतं. एसएसडी म्हणतात. ती टाकली की मशीन उडी मारतं.

"आन् माहं सगळं लिवलेलं?"

"जसंच्या तसं नवीनमंधी येते. एक अक्षर इकडचं तिकडं होत नाई."

नवी डिस्क त्यानं हातावर ठेवली तेव्हा बेबीताईंचा विश्वासच बसेना, पापडाएवढी हलकी. ही अकराशे घरं उचलेल? पण सुगतनं वायर जोडली, आकडा हळूहळू सरकायला लागला, आणि बेबीताई तिथल्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या. "दोन तास लागतीन, जाऊन या," तो म्हणाला. "मी कोठीच नाई जात," त्या म्हणाल्या, आणि दोन तास त्या आकड्याकडे बघत राहिल्या. शंभर झाल्यावर सुगतनं जुनी डिस्क ओढून काढली, तिच्या जागी नवी सरकवली, झाकण लावलं, बटण दाबलं. बेबीताई मोजायला लागल्या. अठरा म्हणेपर्यंत तक्ता उघडून समोर! शेवटच्या घराचा शेरासुद्धा जागच्या जागी.

"अरे बाप्पा!" त्या म्हणाल्या, आणि दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती त्यांनाही दाखवलं. शेऱ्याचा रकाना मात्र हातानं झाकून.

आता इथे बेबीताईंनी चूक केली, आणि ती त्यांच्यासारखी बाईच करू शकते. जुनी डिस्क टेबलावर पडली होती. सुगत म्हणाला, "घेऊन जा मावशी, घरी ठेवा." पण आयुष्यभर जुनी पातेली मोडीत टाकून नवी घेतलेली ही बाई! ज्वारी एका पोत्यातून दुसऱ्या पोत्यात ओतली, तर पहिलं पोतं रिकामं. रिकामं पोतं घरी ठेवून काय करायचं? "मले काय करा लागते? तूच ठेव, आन् भावात कमी कर," त्या म्हणाल्या. सुगत नको नको म्हणत होता. बेबीताई घासाघीस करायला लागल्या की भलेभले शरण येतात, तसा तोही आला. बाई जिंकून घरी आल्या.

दोन दिवस त्यांनी शेजारपाजाऱ्यांना अठरा आकडे मोजायला लावले. बुधवारी मनात आलं, पोरानं एवढं चांगलं काम केलं, त्याला पेढे द्यावेत. पेढे घेऊन गेल्या तर सुगतच्या टेबलावर एक डिस्क वायरला लावलेली, आणि पडद्यावर कोणाच्या तरी बारशाचे फोटो.

"कोनाचं बारसं, रे?"

"काय माहीत, मावशी. एका गिऱ्हाइकाची जुनी डिस्क हाये. चालते का पाहून राह्यलो."

"जुनी? नवीन टाकली नाई का त्याईले?"

"टाकली ना, कालच."

"मंग फोटो तर नवीनमंधी गेले असतीन."

"तिकडंबी हायेत, इकडंबी हायेत," सुगत पेढा तोंडात टाकत म्हणाला. "झेरॉक्स काढली म्हून मूळ कागद कोरा होते का, मावशी?"

स्टूल समोर होतं, पण बेबीताई टेबलाला धरून उभ्याच राहिल्या.

"माही कुठं हाये?"

सुगतनं पेढा गिळला. तोही आता समजला. "मावशी, ते... अकोल्याले गेली. देवानंदभाऊचा फोटो स्टुडिओ हाये, ते जुन्या डिस्का नेतात. डबीत टाकून लग्नाचे व्हिडिओ ठेवाले कामी येतात. काल मानूस आला होता, चार घेऊन गेला."

"त्याले पासवर्ड हाये!"

"पासवर्ड दाराले होता, मावशी. तुमी तर तिजोरीच काढून देली."

दुसरी कोणी असती तर तिथेच रडायला बसली असती, नाही तर सुगतच्या नावानं शिमगा केला असता. बेबीताईंनी दोन्ही केलं नाही. पोरगा ठेवा म्हणत होता, आपणच गळ्यात मारली, हे त्यांना पक्कं आठवत होतं. त्यांनी पत्ता लिहून घेतला, सुगतला फोन करायला लावून डिस्क कोणाला द्यायची नाही असं सांगून ठेवलं, आणि गुरुवारी सकाळच्या पहिल्या बसनं अकोल्याला निघाल्या. शेजारच्या बाईनं कुठं चाललात विचारलं तर "दवाखान्यात" म्हणून मोकळ्या झाल्या. डोळ्यांसमोर एकच नाव होतं, आचल. बाकीचे शेरे जगजाहीर झाले तर शिव्या पडतील, त्या खायला त्या तयार होत्या. पण त्या पोरीचं चांगलं जमलेलं लग्न आपल्या हातानं मोडलं, तर तोंड कुठं दाखवायचं?

स्टुडिओ टॉवर चौकामागच्या गल्लीत होता. देवानंद पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. बेबीताईंनी नाव सांगताच तो खुर्चीतून उठला.

"तुमीच का त्या?"

"कोन त्या?"

"शेरावाल्या!"

म्हणजे ह्यानं वाचलं होतं. देवानंद सांगत सुटला. चालते का पाहायला जोडली, लग्नाचे फोटो दिसले म्हणून उघडून पाहिलं, आणि मग तो तक्ता सापडला. फोन आला तोवर अर्ध्याच्या वर वाचून झाला होता. "मावशी, तो अर्ध्या कप चहाचा शेरा हाये ना, त्या घरचं लगन म्याच शूट केलं. आमच्या पोराइले जेवाले सगळ्याच्या मागून बसवलं, आन् भाजी संपली होती! काय पारख हाये तुमची!" तो पोट धरून हसला. मग बेबीताईंचा चेहरा पाहून त्याचं हसू आटलं.

"मावशी," तो आवाज खाली आणून म्हणाला, "रविवारच्या साक्षगंधाची ऑर्डर माह्याकडंच हाये. शिवमची."

"वाचलं तुमी?"

त्यानं मान हलवली. डिस्क वायरमधून काढली, पुसली आणि बेबीताईंच्या हातात ठेवली. दिलेले पैसे घेतले नाहीत. "मी कोनाले नाई सांगत. देवाशपथ. मलेबी पोरी हायेत."

माणूस खरा होता. बेबीताईंना माणूस ओळखता येतो, दहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. पण परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आचललाही आपण असाच शब्द दिला होता. आणि आपण काही खोट्या नव्हतो. देवानंद बोलणार नाही, मान्य. पण रविवारी तो कॅमेरा घेऊन त्या पोरीसमोर उभा राहील. ती पाटावर बसेल, तिच्या डोक्यावर पदर येईल, आणि हा माणूस तिच्याकडे नवरीसारखं पाहणार नाही. आता काही होतं का, असं पाहील. आणि तिला कळणारही नाही, की हा असा का पाहतोय. हे बेबीताईंना सहन होईना. शरम म्हणजे काय असते ते त्या साठीला आल्यावर त्या बसमध्ये पहिल्यांदा शिकल्या.

चार वाजता आचल लॅबमधून बाहेर पडली तेव्हा बेबीताई फाटकासमोरच्या लिंबाखाली उभ्या होत्या. आडपडदा न ठेवता त्यांनी सगळं सांगितलं. डिस्क, भाव, अकोला, देवानंद, सगळं. आचल ऐकत राहिली. ती रडली नाही, चिडलीही नाही. तिनं फक्त विचारलं:

"पन मावशी, तुमी लिवलं कशाले?"

बेबीताईंनी उभ्या जन्मात कोणाला उत्तर द्यायला वेळ लावला नव्हता. आता लागला. "इसरू नाई म्हून, बाई."

"इसरल्या असत्या तं चाललं असतं ना," आचल म्हणाली. "म्या तुमाले सांगतलं होतं. मशीनले नाई."

बेबीताई जमिनीकडे पाहत होत्या. मग आचलनंच पर्स खांद्यावर नीट केली. "उद्या सुट्टी टाकतो. अकोल्याले जाऊ."

"तू कायले येतं? मी बोलतो माणिकबाईसंग. मी असं सांगतो, का त्याईले..."

"नाई मावशी. तीन महिने तुमीच बोलून राह्यल्या. आता मी बोलतो."

त्या संध्याकाळी बेबीताईंनी लॅपटॉप उघडला. अठरा आकडे. सहावा रकाना वरपासून खालपर्यंत निवडला आणि पुसून टाकला. सहा वर्षांचं हिंडणं एका बटणात गेलं. जुनी डिस्क असती तर मशीन तासभर विचार करत बसलं असतं आणि तेवढ्यात त्यांचं मन फिरलं असतं. मग अंगणात जाऊन त्यांनी जुनी डिस्क फरशीवर ठेवली आणि जानरावांना हातोडा मागितला. "अवं, काय करून राह्यली?" जानराव ओरडले. "चूक दुरुस्त करून राह्यलो," त्या म्हणाल्या आणि चार घाव घातले. चकतीचे तुकडे झाले तेव्हा थांबल्या.

शुक्रवारी सकाळी दोघी माणिकबाईंच्या दारात उभ्या राहिल्या. आत साक्षगंधाची तयारी चालली होती. माणिकबाई ताटांत साडी, बांगड्या, खोबऱ्याच्या वाट्या मांडत होत्या. शिवम ओसरीवर भाड्यानं आणलेल्या खुर्च्या मोजून लावत होता. होणारी सून अचानक आलेली पाहून माणिकबाईंची तारांबळ उडाली. "अगं बाई, बसा, बसा! शिवम, पानी आन! चहा ठेवतो, पोहे टाकतो..."

"चहा मंग," आचल म्हणाली. "आधी मले बोलाचं हाये."

बेबीताईंनी सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं. आचल खाली सतरंजीवर बसली, पिशवीतून फाइल काढली आणि सांगितलं. नववीत पहिली फिट आली. मग किती आल्या, कधी आल्या. बारावीनंतर एकही नाही. गोळ्या दोन वेळ घ्याव्या लागतात, पुढंही घ्याव्या लागतील. डॉक्टरांचे कागद हे असे आहेत, हव्या त्या डॉक्टरांना दाखवा. "तुमाले आधीच सांगाले पाह्यजे होतं. आता ठरवा. मी रागवत नाई." आवाज कुठेही कापला नाही. बेबीताईंना वाटलं, ह्या पोट्टीचं बोलणं मी तीन महिने अडवून धरलं होतं, केवढी मूर्ख बाई मी.

माणिकबाईंचा हात बांगड्यांवर थांबला होता. त्यांनी आचलकडे पाहिलंच नाही. बेबीताईंकडे वळल्या.

"तुमाले कवापासून ठावं होतं?"

"पयल्या दिवसापासून."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"हिंमत नाई झाली. तुमी भल्ल्या खुश होत्या." बेबीताई म्हणाल्या. "आन् दुसरं असं का, म्या ते लिवून ठेवलं होतं, आन् ते परक्या मानसाच्या हाती गेलं. तुमच्या फोटोवाल्याच्या. तो चांगला मानूस हाये, पन चूक माही हाये. पोरीची नाई."

ओसरीवर खुर्च्यांचा आवाज थांबला होता. माणिकबाईंनी पदरानं तोंड पुसलं. चेहरा लाल झाला होता.

"मंग सगळ्याइचंच लिवत असान तुमी," त्या म्हणाल्या. "आमचं काय लिवलं? माह्या शिवमचं?"

इथे बेबीताईंना दोन गोड शब्द बोलून वेळ मारून नेता आली असती. रकाना पुसलेला होता, पुरावा काही उरला नव्हता. पण समोर ती पोरगी फाइल उघडून बसली होती. बेबीताई ताठ बसल्या.

"लिवलं होतं, का पोट्टा चांगला. पानी तोच भरते. पन माय त्याले बोलू देत नाई. अर्धा तास होतो, त्याचा आवाज मले आइकू आला नाई."

माणिकबाई बेबीताईंकडे एकटक पाहत राहिल्या. आता ताट फेकते का काय, असं वाटण्याइतका वेळ गेला. मग त्या हळूच दाराकडे वळल्या. शिवम चौकटीला धरून उभा होता, हातात पाण्याचा तांब्या.

"काय रे? असं हाये का?"

शिवमनं मान हलवली.

"पाहा! आताबी मानच हालवून राह्यला!" माणिकबाई कडाडल्या. "तोंडानं बोल, बाप्पा! तुले हे पोरगी करा लागते का नाई? मी नाई बोलत. आज मी एक शब्द बोलत नाई!"

शिवमनं तांब्या खाली ठेवला. हात पँटला पुसले. आईकडे पाहिलं, बेबीताईंकडे पाहिलं, आणि मग आचलसमोर उकिडवा बसला.

"गोळी कोनत्या टाइमाले असते?" त्यानं विचारलं.

"सकाळी आठ," आचल म्हणाली. तिचा आवाज आता कापला. "आन् सांजच्या आठले."

शिवमनं खिशातून फोन काढला आणि तिथंच सगळ्यांच्या समोर आठचा गजर लावला. एक सकाळचा, एक सांजचा. लावून झाल्यावर फोन तिच्यासमोर धरला, बरोबर लागला का पाहायला. आचलनं पाहिलं आणि मान हलवली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, ते तिनं पुसलं नाही.

माणिकबाई बराच वेळ गप्प होत्या. दिलेला शब्द त्यांनी पाळला. मग ताटातली एक खोबऱ्याची वाटी उचलून त्यांनी आचलच्या हातात ठेवली, डोळे पुसले आणि बेबीताईंकडे पाहून म्हणाल्या, "लिवून घ्या मंग तुमच्या मशीनमंधी. का पोट्टा बोलला म्हून."

"नाई वो," बेबीताई म्हणाल्या. "आता लिवत नाई. हे ध्यानात राहीन."